गजकर्ण, शिबे आणि चिखल्या : कातडीवरील बुरशी कशी ओळखावी?

पावसाळ्यात लाकडी पाटावर, चामड्याच्या जोड्यावर, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी बुरशी धरते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. ओल, ऊब आणि खावयास काहीतरी एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या की बुरशीला आणखी काही लागत नाही. या तिन्ही गोष्टी माणसाच्या अंगावर बाराही महिने उपलब्ध असतात, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. काखेत, जांघेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, कमरेला जेथे नाडी घट्ट आवळली जाते त्या पट्ट्यात, घामाने ओली झालेली कातडी तासन् तास झाकलेली असते. तेथे बुरशीने मुक्काम केला तर नवल कसले?

बुरशीमुळे होणारे कातडीचे विकार जिवावर बेतणारे क्वचितच असतात. म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी गैरसमज फार. एका घरात मुलाच्या गालावर फिकट चट्टा दिसताच आईची झोप उडते. तिला कोडाची किंवा कुष्ठरोगाची शंका येते आणि ती शंका ती कोणाजवळ बोलूनही दाखवीत नाही. दुसऱ्या घरात सुनेच्या कमरेला वर्षभर खाज सुटलेली असते. जागा अवघड, म्हणून ती सोसत राहते आणि शेजारणीने दिलेले मलम चोरून लावते. तिसऱ्या घरात कपाटातील एकच ट्यूब आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांच्या सर्व चट्ट्यांना लावली जाते. या तिन्ही घरांतील माणसांस आपल्या अंगावर काय उठले आहे ते ओळखता आले असते, तर पुष्कळसा मनस्ताप आणि पुष्कळसे नुकसान टळले असते. डॉक्टरांचे काम आपण करावे असा याचा अर्थ नव्हे. डॉक्टरांकडे केव्हा जावयाचे आणि तोवर काय करावयाचे नाही, एवढे कळले तरी पुरे आहे.

बुरशीच्या या रोगास आपल्या भाषांनी दिलेली नावे मोठी मौजेची आहेत. मराठीत आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. संस्कृतातील 'दद्रु' हा शब्द हिंदी-बंगालीत 'दाद' आणि गुजरातीत 'दादर' होऊन राहिला आहे. बडोद्याच्या किंवा इंदूरच्या मराठी घरांतही हेच शब्द कानावर पडतात. तमिळमध्ये यास 'पडर्तामरै' म्हणजे पसरणारे कमळ म्हणतात, आणि तेलुगूत तर नुसते 'तामर', म्हणजे कमळच. कातडीवर पाकळ्यापाकळ्यांनी वाढत जाणारे वर्तुळ ज्याने पाहिले असेल त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते पटेल. मल्याळममधील 'पुळुक्कडि' या शब्दाचा अर्थ मात्र किड्याचा चावा असा आहे, आणि इंग्रजी 'रिंगवर्म' मध्येही वर्तुळाबरोबर किडा आहेच. निरनिराळ्या भाषांतील लेख समोर ठेवून भाषांतर करणाराची येथे थोडी पंचाईत होते, कारण किडा या रोगात मुळीच नाही. पोटातील जंतांशीही त्याचा काही संबंध नाही.

हे किडे नव्हेत, ही बुरशी आहे, असे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले ते १८४० च्या सुमारास. पॅरिसमध्ये राहणाऱ्या डेव्हिड ग्रूबी या वैद्याने डोक्याच्या एका चिवट रोगातील खपल्या तपासून तीत बुरशीचे धागे दाखविले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखविले ते १८८२ मध्ये, म्हणजे त्यानंतर चाळीस वर्षांनी. माणसाच्या ज्या रोगांचे सूक्ष्म कारण सर्वांत आधी सापडले त्यांत हा उपेक्षित रोग आहे.

वर्तुळाची कडा पाहावी

गजकर्ण उत्पन्न करणारी बुरशी केराटिन नावाच्या द्रव्यावर जगते. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा निर्जीव थर, केस आणि नखे या तिन्हींत हे द्रव्य असते. म्हणून ही बुरशी या तीनच ठिकाणी राहते, रक्तात किंवा पोटात शिरत नाही. ज्या ठिकाणी ती प्रथम रुजते तेथे एक लहानशी तांबूस पुळी किंवा ठिपका दिसतो. तेथून ती चोहोबाजूंस सारख्या गतीने सरकू लागते. जेथे ती नव्याने पोचते तेथे शरीराचा तिच्याशी झगडा चालतो आणि कातडी लाल होते, किंचित उंच होते, तिला बारीक पापुद्रे सुटतात. मागे टाकलेला मधला भाग हळूहळू निवत जातो. म्हणून बाहेरची कडा उठावदार, खवलेदार, कधी कधी बारीक पुटकुळ्यांनी भरलेली, आणि मधला भाग त्या मानाने स्वच्छ, असे कंकणासारखे रूप त्यास येते. खाज असतेच, आणि घाम आला की ती वाढते.

गजकर्ण ओळखावयाचा तर नजर मध्यावर न ठेवता कडेवर ठेवावी. सावळ्या अंगकांतीवर तांबूसपणा चटकन दिसत नाही. तेथे कडा तपकिरी किंवा काळपट दिसते. अशा वेळी चांगल्या उजेडात कातडी किंचित ताणून बोट फिरवावे. कडेचा खरखरीत उंचवटा बोटास जाणवतो. आपल्याकडील पुष्कळ परदेशी चित्रांची पुस्तके गोऱ्या कातडीवरून तयार झालेली असल्यामुळे त्यांतील लालभडक वर्तुळे पाहून 'आमचे तर असे नाही' असे वाचकांना वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

जांघेतील गजकर्ण मांडीच्या आतील बाजूस अर्धचंद्रासारखा पसरतो. स्त्रियांत तो परकराच्या वा सलवारीच्या नाडीखाली कमरेभोवती पट्ट्यासारखा उठतो, आणि स्तनांखालील घडीतही दिसतो. पुरुषांत जांघेतून तो मागे बैठकीकडे सरकतो. अवघड जागी असल्यामुळे तो सांगितला जात नाही, दाखविला जात नाही, आणि त्यामुळे घरातील इतरांस होऊन बसतो. एका टॉवेलने दोघे अंग पुसतात, एकाच बादलीत सर्वांचे कपडे भिजतात, एकाच अंथरुणावर मुले निजतात. बुरशीला याहून सोयीचा रस्ता कोणता? मांजर, कुत्रे, वासरू यांच्या अंगावरही या वर्गातील बुरशी असते. केस गळून चकंदळे पडलेल्या वासराला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावर असा चट्टा उठला, तर त्याची आग आणि सूज नेहमीच्या गजकर्णाहून जास्त असते.

प्रत्येक गोल चट्टा मात्र गजकर्ण नसतो. इसबाचा गोल चट्टा मध्यापासून कडेपर्यंत सारखाच भरलेला असतो आणि पुष्कळदा पाझरतो. सोरायसिसचे चट्टे कोपर, गुडघे, डोक्याची कातडी अशा ठिकाणी, बहुधा दोन्ही बाजूंस सारखे येतात, आणि त्यांवरील खवले जाड, चांदीसारखे असतात. आणखी एक विकार आहे त्यात आधी छातीवर वा पाठीवर एकच मोठा लंबगोल चट्टा येतो, आणि आठपंधरा दिवसांनी अंगभर लहान लहान चट्टे उमटतात. घरचे लोक घाबरून जातात, आणि तो बहुधा दीडदोन महिन्यांत आपोआप ओसरतो. खरजेत वर्तुळ नसतेच. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आणि रात्री असह्य खाज, हे तिचे लक्षण. खरूज खरोखरच किड्यामुळे होते आणि तिचा उपचार अगदी निराळा आहे.

फिकट चट्टे आणि त्यांची धास्ती

दमट हवेच्या प्रदेशांत, म्हणजे कोकणपट्टी, केरळ, बंगाल, तमिळनाडूचा किनारा येथे, तरुण मुलामुलींच्या छातीवर, पाठीवर, मानेवर आणि दंडांवर फिकट, तपकिरी किंवा किंचित गुलाबी ठिपके उठतात आणि ते एकमेकांत मिसळून नकाशासारखे पसरतात. यांस आपण शिबे म्हणतो. शिबे ओळखण्याची खूण सोपी आहे. चट्ट्यावर नखाने हलकेच ओरखडा काढावा. कोंड्यासारखी बारीक भुकटी निघते. खाज जवळजवळ नसते.

शिब्यांची बुरशी गजकर्णाच्या बुरशीहून निराळी असून ती तुमच्याआमच्या सर्वांच्याच कातडीवर, तेलकट जागी, निरुपद्रवीपणे वस्तीस असते. उष्मा, घाम आणि तेल यांच्या योगाने एखाद्याच्या अंगावर तिची वाढ बेसुमार होते, इतकेच. म्हणून शिबे असलेल्या मुलीशेजारी कोणी बसू नये, तिचा हात लागू देऊ नये, हे सर्व निराधार आहे. अंगाला भरपूर तेल चोळण्याची सवय मात्र अशांनी उन्हाळ्यात सोडावी. औषधाने बुरशी दोनचार आठवड्यांत जाते, पण कातडीचा मूळ रंग परत यावयास कित्येक महिने लागतात. नेमके येथे लोक फसतात. रंग आला नाही म्हणून औषध लागू पडले नाही असे समजून ते दुसरे, तिसरे, चौथे मलम आणतात. ओरखडा काढून भुकटी निघत नसेल तर बुरशी गेली असे धरावे आणि रंगाची वाट पाहावी. पुढील उन्हाळ्यात शिबे पुन्हा येऊ शकतात, हेही आधीच जाणून असावे.

कोडाचे डाग दुधासारखे पांढरेशुभ्र असतात, त्यांच्या कडा स्पष्ट असतात आणि त्यांवर भुकटी मुळीच नसते. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या गालांवर थंडीत जे अंधुक, कोरडे, फिकट चट्टे दिसतात ते ना शिबे ना कोड. ते कातडीच्या रुक्षपणामुळे येतात. 'पोटात जंत झाले' म्हणून अशा मुलांना जंताचे औषध देण्याचा प्रघात घरोघर आहे. जंतांचे औषध इतर कारणांसाठी दिले तर द्यावे, परंतु गालावरील चट्ट्यांशी त्याचा संबंध नाही. त्यांना साधे खोबरेल किंवा व्हॅसलीन आणि काही काळ धीर पुरतो.

आता कुष्ठरोगाची गोष्ट. कुष्ठरोगाचा चट्टाही फिकट किंवा तांबूस असतो, कधी कधी तो वर्तुळाकारही असतो, आणि म्हणून कित्येक महिने गजकर्ण समजून त्यावर मलमे लावली जातात. भेद हा की, तो खाजत नाही आणि त्या जागेची संवेदना कमी झालेली असते. रुग्णास डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोकाने एकदा चट्ट्यावर आणि एकदा चांगल्या कातडीवर स्पर्श करावा व जेथे स्पर्श कळेल तेथे बोट ठेवावयास सांगावे. चट्ट्यावरील स्पर्श कळत नसेल, तेथे घाम येत नसेल, लव गळली असेल, तर एक दिवसही न दवडता जवळच्या शासकीय दवाखान्यात जावे. संवेदना शाबूत आढळली तरी महिनोन्महिने न हटणारा, न खाजणारा चट्टा डॉक्टरांस दाखवावाच, कारण चेहऱ्यावरील चट्ट्यात आणि रोगाच्या काही प्रकारांत संवेदना पुष्कळ दिवस टिकून राहते. २००५ च्या अखेरीस आपल्या देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे जाहीर झाले. परंतु रोग नाहीसा झालेला नाही, नवे रुग्ण अजून सापडतात. त्याची बहुविध औषधे विनामूल्य मिळतात, ठराविक महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो, आणि वेळीच उपचार झाला तर हातापायांना व्यंग येत नाही. लपविण्यात मात्र व्यंगाचा धोका आहे.

डोके, पाय आणि नखे

लहान मुलांच्या डोक्यात बुरशी शिरली म्हणजे एका जागचे केस मुळाशी तुटतात, कातडीवर राखाडी खवले जमतात आणि काळे ठिपके दिसतात. चाई पडते तेव्हाची जागा गुळगुळीत, चकचकीत असते. तेथे खवले नसतात. हा फरक ध्यानात ठेवावा. कधी कधी डोक्यावर मऊ, पुवाने भरल्यासारखा, अत्यंत दुखरा फुगवटा येतो, केस हातात येतात आणि मानेत गाठी सुजतात. हा गळवाचा प्रकार समजून तो कापण्याची घाई होते. तो कापावयाचा नसतो. तेही बुरशीचेच काम असते आणि वेळीच योग्य औषध न मिळाल्यास त्या जागी कायमचे टक्कल पडते. केसांच्या मुळांतील बुरशीपर्यंत मलम पोचत नाही, म्हणून डोक्याच्या या रोगास पोटात घ्यावयाचे औषधच लागते. ग्रिझिओफुल्विन हे १९३९ मध्ये एका बुरशीपासूनच वेगळे केलेले औषध; ते तोंडाने घेतल्यास कातडीची बुरशी बरी होते हे कळावयास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. ते आजही मुलांना दिले जाते, आणि दुधातुपाच्या जेवणाबरोबर घेतल्याने ते अंगी चांगले लागते.

शेतात भात लावणारे, गोठ्यात काम करणारे, दिवसभर बूट घालून उभे राहणारे शिपाई व कामगार यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत, विशेषतः करंगळी व तिच्या शेजारच्या बोटात, कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी होते, सोलते, चिरते. या चिखल्या. यात बुरशीबरोबर इतर जंतूही असतात, आणि त्या चिरांतून जंतू आत जाऊन पाय सुजण्याचा धोका मधुमेही माणसास आणि हत्तीपाय झालेल्यास विशेष असतो. पाय धुऊन प्रत्येक बेचके कोरडे पुसणे हा निम्मा उपचार आहे.

पायांच्या बुरशीचाच विषय निघाला आहे तर एक अपवाद सांगून ठेवतो. अनवाणी चालणाराच्या पायात काटा मोडून जखम झाली आणि त्या जागी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी न दुखणारी टणक सूज आली, तिला छिद्रे पडून त्यांतून काळे, पांढरे वा पिवळे दाणे बाहेर पडू लागले, तर तो वरवरचा विकार नव्हे. मदुरै येथे १८४२ मध्ये त्याचे वर्णन झाल्यामुळे जगभर तो 'मदुरा पाय' या नावाने ओळखला जातो, आणि मुंबईत हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी त्याचा कसून अभ्यास केला. काही रुग्णांत तो बुरशीने तर काहींत जंतूंनी होतो आणि दोहोंची औषधे भिन्न असतात. मोठ्या रुग्णालयाखेरीज त्याचा निकाल लागत नाही.

नखाची बुरशी बहुधा टोकापासून आत शिरते. नख पिवळट, जाड व ठिसूळ होते, त्याखाली भुसा साठतो. एकदोन नखे बिघडलेली आणि बाकीची चांगली असली तर बुरशीचा संशय घ्यावा. हाताचे नख पूर्ण नवे यावयास सुमारे सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचे वर्ष-दीड वर्ष लागते. तेव्हा औषध सुरू करून महिन्याभरात नख सुंदर होईल ही अपेक्षा बाळगू नये.

सारखे पाण्यात हात असणाऱ्या स्त्रियांच्या नखांच्या मुळाशी कातडी सुजून लाल होते, बोटांच्या सांध्यांत पांढरट सोलवटलेली जागा दिसते. ही कॅन्डिडा नावाची निराळीच बुरशी. तान्ह्या मुलाच्या दुपट्याखाली लालभडक चट्टा आणि त्याच्या भोवती विखुरलेले सुटे लाल ठिपके, हे तिचे रूप. मुलाच्या जिभेवर न पुसली जाणारी पांढरी साय दिसली तर तीही हीच. प्रौढ माणसास ही बुरशी जांघेत, काखेत किंवा जननेंद्रियाच्या जागी वारंवार होऊ लागली तर रक्तातील साखर अवश्य तपासावी. मधुमेहाचा पत्ता प्रथम कातडीवरून लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कपाटातील ती ट्यूब

दद्रूची ओळख आपल्या वैद्यकास फार जुनी. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही त्याची गणना कुष्ठांत केली आहे. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो त्या टाकळ्याचे एक संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'गोवा पावडर' नावाचे पिवळट तपकिरी चूर्ण गजकर्णावर विकले जाई. ते गोव्यातील नव्हतेच. ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडातून निघणारे ते चूर्ण पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यास येई. ते कातडी भाजी, कपड्यांवर डाग पाडी आणि डोळ्यांत गेले तर भयंकर आग करी. लंडनच्या बाल्मानो स्क्वायर यांनी १८७६ मध्ये ते सोरायसिसवर वापरून पाहिले आणि त्या रोगावरील एका महत्त्वाच्या औषधाचा मार्ग खुला झाला. पुढे बेन्झॉइक व सॅलिसिलिक अम्लांचे व्हिटफील्डचे मलम आले; जुन्या दवाखान्यांतील त्याचा वास कित्येकांच्या आठवणीत असेल. ते झोंबे, पण काम करी. बिब्बा, रॉकेल, बॅटरीतील अम्ल असले घरगुती उपाय मात्र कातडी जाळतात, आणि जळालेल्या जागेत बुरशीबरोबर पूही होतो.

आजचा धोका भाजणाऱ्या औषधाचा नसून थंड वाटणाऱ्या औषधाचा आहे. १९५२ पासून स्टिरॉइड वर्गातील मलमे कातडीच्या रोगांवर वापरात आली. इसबासारख्या विकारात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ती मोलाची आहेत. पण त्यांचे काम शरीराचा प्रतिकार शांत करणे हे आहे. गजकर्णाची लाली आणि खाज म्हणजे शरीराने बुरशीशी चालविलेला झगडा. स्टिरॉइडने तो झगडाच थांबतो. दोन दिवसांत खाज जाते, चट्टा फिका पडतो, आणि घरातील मंडळी म्हणतात, 'काय गुणकारी मलम आहे!' बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. मलम थांबविताच चट्टा दुप्पट जोराने उसळतो. पुन्हा मलम, पुन्हा आराम. असे चार महिने चालले की गजकर्णाची ती ओळखीची कडा पुसट होते, वर्तुळात वर्तुळ उमटून चकलीसारखी आकृती दिसू लागते, आणि रोग ओळखणे डॉक्टरांसही कठीण होते. इंग्लंडमधील आइव्ह व मार्क्स या वैद्यांनी १९६८ मध्येच अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाचे वर्णन करून ठेवले होते. शिवाय जांघेतील कातडी पातळ होऊन तेथे ताणल्यासारख्या रेषा पडतात. त्या कायमच्या, त्या पुसून टाकणारे औषध नाही.

गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्या देशात गजकर्ण अतिशय चिवट झाला आहे, पूर्वी दोनतीन आठवड्यांत बरा होणारा चट्टा आता महिनोन्महिने हटत नाही, असे कातडीचे डॉक्टर सांगतात. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा मनमानी वापर हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. दुसरे कारण असे की, टर्बिनाफिन या उत्तम औषधास दाद न देणारी बुरशीची एक जात पसरली आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला स्वतंत्र नाव दिले, त्यात 'इंडो' हा शब्द आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी करणाऱ्या अनुसूचीत घातली आणि त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली. त्यांत कातडीची काही मिश्र मलमेही होती. तथापि कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो, कपाटातील ट्यूबपर्यंत नाही.

म्हणून ट्यूबवरील मोठे नाव न वाचता त्याखालची बारीक अक्षरे वाचावी. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव त्यात असेल तर ते स्टिरॉइडचे मलम होय. सोबत बुरशीचे औषध असले तरीही ते गजकर्णास आपल्या मनाने लावू नये. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधे. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमॅझोल या नावांत कानाला साम्य वाटते, ते सावकाश अक्षर लावून वाचावे. घरातील मुलांना इंग्रजी वाचता येत असेल तर हे काम त्यांजकडे द्यावे. ती ते मोठ्या उत्साहाने करतात.

बुरशीचे मलम चट्ट्याच्या मध्यावर थापून उपयोग नाही, कारण बुरशी कडेशी असते. कडेपासून बाहेर दोन बोटे अंतरापर्यंत चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही ते लावावे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर निदान दोन आठवडे तसेच चालू ठेवावे. घरात आणखी कोणास चट्टा असेल तर सर्वांचा उपचार एकाच वेळी सुरू व्हावा. नाहीतर एकाचा बरा होईतो दुसऱ्याचा त्याला परत येतो. लज्जेचा प्रश्न येथेच आड येतो. सासूने सुनेला, नवऱ्याने बायकोला सरळ विचारावे, यात कमीपणा नाही. रुग्णाचे कपडे, टॉवेल व चादर निराळी भिजवून कडक पाण्याने धुवावी, उलटी करून उन्हात वाळवावी. ऊन नसेल त्या दिवशी शिवणीवरून इस्त्री फिरवावी. अर्धवट सुकलेले कपडे अंगात घालू नयेत. परकराची नाडी रोज एकाच जागी आवळू नये, आणि रुंद पट्टी लावल्यास अधिक बरे.

चट्टे अनेक असतील, चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखात असतील, महिनाभर नीट औषध लावूनही हटत नसतील, किंवा रुग्ण तान्हा, गर्भवती अथवा मधुमेही असेल, तर डॉक्टरांस दाखवावे. पोटात घ्यावयाच्या गोळ्या स्वतःहून आणू नयेत. त्यांतील काहींचा यकृतावर परिणाम होतो आणि काही दुसऱ्या औषधांशी जुळत नाहीत. शंका असल्यास डॉक्टर चट्ट्याच्या कडेचा थोडा पापुद्रा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले तिचे धागे स्पष्ट दिसतात. ही तपासणी स्वस्त आहे, तीत दुखत नाही आणि निकाल बहुधा त्याच दिवशी कळतो. मात्र तिच्यासाठी जावयाचे तर आधीचे काही दिवस चट्ट्यास कोणतेही मलम लावू नये, नाहीतर बुरशी असूनही दिसत नाही. आजवर जे जे लावले असेल त्याच्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून बरोबर न्याव्या. पुष्कळदा डॉक्टरांना चट्ट्याहून त्या ट्यूबांवरूनच अधिक उलगडा होतो.